न्हाणीतली घोरपड आणि मस्कतचा सल्ला

एका मार्गशीर्षात आमच्या आक्काच्या घरात शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत कुणीही आंघोळ केली नाही, कारण न्हाणीत घोरपड होती.

ती तिथं आपण होऊन गेली नव्हती. तिला तिथं ठेवायला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा माणूस त्या वेळी समुद्राच्या पल्याड मस्कतमध्ये, एका दुकानाच्या मागच्या खोलीत प्लायवूडला रंधा मारत बसला होता. तो माणूस म्हणजे मी.

आता तुम्ही म्हणाल, मस्कतच्या सुताराला कोगनोळीकडच्या घोरपडीबद्दल कोण विचारतंय? माझंही तेच म्हणणं आहे! पण ते मला सोमवारी सुचलं.

आक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, कोगनोळीच्या अलीकडच्या एका खेड्यात मराठी शाळेचे हेडमास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. मी नववीत शाळा सोडली (शाळेनं मला सोडलं असंही म्हणता येईल, पण दाजींच्या समोर मी पहिलंच वाक्य वापरतो), तेव्हा जावई हेडमास्तर आणि मेहुणा नववीतनं पळालेला, म्हणून भावकीत लई हसणं झालं. दाजी एका शब्दानं बोलले नाहीत. मला निपाणीला एका मिस्त्रीच्या हाताखाली ठेवलं, हातात कला आली तसं परदेशाचं काम बघून दिलं. पासपोर्टच्या चौकशीला पोलिस आला, तेव्हा "मुलगा चांगला आहे" हे दाजींनी इतक्या ठामपणे सांगितलं, की मलाही ते तेव्हाच पहिल्यांदा पटलं.

अशा माणसाचे उपकार कशानं फेडायचे? मी घोरपडीनं फेडले.

मस्कतमधलं आमचं दुकान पाळीव प्राण्यांचं. पुढं पोपट आणि मासे, मागं काचेच्या आड घोरपडीच्या जातीतली थोराड परदेशी जनावरं. हौशी लोक ती कागदपत्रासकट घरी नेतात आणि सोफ्यावर घेऊन बसतात. त्यांची घरं बांधणं हे माझं काम. एका कोपऱ्यात दिव्याचं ऊन, दुसऱ्या कोपऱ्यात सावली, बुडी मारायला पाण्याचा टब, चढायला ओंडका, लपायला बीळ. (आम्हा कामगारांच्या खोलीत यातलं काहीच नाही. बीळसुद्धा नाही.) मी फक्त पेटी बनवतो. आतलं जनावर उचलायला, खायला घालायला, औषध द्यायला वेगळी माणसं आहेत. पण फोनवर आक्कानं एकदा विचारलं, "काय काम करतोस रं?" आणि मी म्हणालो, "घोरपडी सांभाळतो."

एवढंच. पुढचं काम गावानं केलं. पहिल्या वर्षी मी घोरपडी सांभाळत होतो, दुसऱ्या वर्षी मी घोरपडींचा डॉक्टर झालो, आणि सुट्टीवर गेलो तेव्हा एका म्हातारीनं मला गुडघा दाखवला. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही. नववीत पळालेल्या पोराला डॉक्टर म्हटल्यावर तो कशाला दुरुस्त करील?

तर त्या शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी दाजींचं कपाळ दिसलं, मग आढं, मग पुन्हा कपाळ.

"उलटा धरलाय तुम्ही," मागून आक्काचा आवाज आला.

"सरळच हाय. संभा, दिसतोय का मी?"

"थोडं थोडं दिसताय दाजी. काय झालं?"

"आपल्या तंबाखूच्या वखारीचं पत्रं बदलायला काढल्यात. पोत्यांच्या मागं दोन घोरपडी निघाल्या बघ. कामावरची माणसं रस्सा करायच्या तयारीत होती. मी म्हटलं, माझ्या दारात हे चालायचं न्हाय. डालग्याखाली झाकून ठिवल्यात."

"लई चांगलं केलंत दाजी."

"वनखात्याच्या गार्डला फोन केला. तो म्हणाला, गुरुजी, मी सोमवारी येतो. पर वाट बघू नका, जमलं तर आजच गावाबाहेर वड्याच्या पाण्याकडं सोडून द्या. आता तू सांग. सोडू का ठिवू?"

मी हातातला रंधा खाली ठेवला. दाजींनी मला आजवर पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. विचारलेलं काहीच नव्हतं. पाढे सोडून. आणि आता तीस-पस्तीस वर्षं खडू हातात धरलेला माणूस मला विचारत होता, सोडू का ठेवू! "सोडा" हा दोन अक्षरांचा शब्द. नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला सहज बोलता येण्यासारखा. पण दोन अक्षरांत सल्ला संपला असता, आणि मला तो संपवायचा नव्हता.

"ठिवायचं काय काम काढलंय?" मी भारदस्त आवाजात विचारलं.

दाजींनी सांगितलं. ते मे महिन्यात रिटायर होणार होते. शाळेच्या पटावर पोरं इतकी कमी उरली होती, की हजेरी घ्यायला दाजींना चष्मा लागत नव्हता. असंच राहिलं तर जूनमध्ये शाळा शेजारच्या गावात विलीन व्हायची, आणि दाजींच्या बापानं दगड वाहून बांधलेल्या त्या दोन खोल्यांना कुलूप लागायचं. गावात पोरं नव्हती असं नाही. पण ती रोज सकाळी टाय लावून इंग्लिश मिडियमच्या व्हॅनमधून निपाणीला जात होती. सोमवारी सकाळी दाजींनी पालकांची सभा ठेवली होती. तालुक्याचे शिक्षणखात्याचे साहेबही यायचे होते.

"सभेला बोलवून कोण येतंय संभा? पर घोरपड दाखवतो म्हटलं की व्हॅनीतली पोरं बी उतरत्यात. आणि मल्लाप्पाण्णा म्हणालाय, नातवंडास्नी शाळा आवडली तर दोघांची नावं घालतो. त्यानं घातली की सगळी गल्ली घालंल. जनावर दाखवायचं, चार शब्द बोलायचं, आणि गार्डच्या ताब्यात द्यायचं. पर कुणाला इजा हुयाला नको. म्हणून तुला विचारतोय. तुझा धंदाच हाय न्हवं ह्यो?"

एवढा विश्वास माझ्यावर पोलिसानंही टाकला नव्हता.

"दोन्ही दाखवा बघू," मी म्हणालो.

मग निवड सुरू झाली. आक्कानं फोन धरला, दाजींनी डालगं उचललं, आणि शेजारचे मल्लाप्पाण्णा काठी घेऊन उभे राहिले. पहिली घोरपड मधल्या चणीची. डालगं उचलताच ती अशी फुसफुसली, की आक्का फोनसकट मागं पळाली आणि मला काही वेळ नुसतं तुळशीवृंदावन दिसत होतं.

"ही न्हाय," मी मस्कतहून निकाल दिला. "तापट हाय. सोडून द्या."

(ही एकटीच त्या प्रकरणातनं सुखरूप सुटली. दाजींनी तिला वड्याला नेऊन सोडली, आणि ती मागं न बघता गेली.)

दुसरी मात्र काय सांगावं! शेपटासकट दाजींच्या छत्रीपेक्षा लांब, अंगानं भरलेली, आणि पडून राहिलेली. मल्लाप्पाण्णांनी काठी टेकवली तरी हलेना. दाजींनी भीत भीत पाठीवर हात ठेवला. तिनं एक डोळा उघडला आणि काही महत्त्वाचं नाही असं बघून परत मिटला.

"मेलीया का काय गं बाई," आक्का म्हणाली.

"मेली न्हाय," मल्लाप्पाण्णा म्हणाले, "तंबाखूनं गुंगलीया. आन् थंडी बी हाय. बेडा गुरुजी, बेडा! नको ह्यो नाद."

मल्लाप्पाण्णांना घोरपडीतलं काय कळणार? ते काय मस्कतला राहिले होते? आमच्या दुकानात जे जनावर शांत पडून राहतं, त्याला गिऱ्हाईक सगळ्यात जास्त. मांडीवर घ्या, पोरांच्या हातात द्या. शांत म्हणजे माणसाळलेलं, हा नियम मी रोज कानांनी ऐकत होतो. (ती जनावरं अंड्यातनं बाहेर आल्यापासून माणसांच्या हातात वाढलेली असतात, हे मला ठाऊक होतं. फक्त ते त्या वेळी आठवलं नाही.)

"तंबाखू न्हाय अण्णा, स्वभावच हाय तिचा," मी म्हणालो. "दाजी, हीच ठेवा. लाखात एक हाय."

दाजींच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो माझ्या कुठल्याही निकालाच्या दिवशी दिसला नव्हता.

आता तिला ठेवायची कुठं? इथं तर मी अधिकारी माणूस! ऊन पाहिजे, सावली पाहिजे, पाणी पाहिजे, दार घट्ट पाहिजे. दाजी घरातनं फोन फिरवत होते आणि मी एकेक खोली नापास करत होतो. सोप्यात मांजर. माडीवर उंदीर. स्वयंपाकघराकडं फोन वळताच आक्का दारात आडवी उभी राहिली. शेवटी न्हाणी दिसली. नव्या फरशीची, पत्र्याच्या दाराची, कोपऱ्यात तांब्याचा बंब पेटलेला!

"बस्स!" मी ओरडलोच. "बंबाकडं ऊन, दाराकडं सावली. बादलीऐवजी घमेल्यात पाणी ठेवा. चढायला एक ओंडका द्या. अशी न्हाणी आमच्या दुकानात बी न्हाय!"

"आन् आमी आंघोळी कुठं करायच्या?" आक्कानं विचारलं.

"दोन दिवसांचा तर प्रश्न हाय आक्का."

"मार्गशीर्ष हाय रं! माझं गुरुवारचं धरलेलं हाय."

"गुरुवारला अजून वेळ हाय गं," दाजी म्हणाले. सल्ला मागणारा माणूस आता सल्ल्याच्या बाजूनं बोलायला लागला होता.

संध्याकाळी मला पुन्हा फोन. जनावर खाईना. मी म्हणालो, अंडी द्या. मार्गशीर्षात आक्काच्या घरात अंड्याचं नाव काढणं म्हणजे काय, हे मला आठवायला हवं होतं. पण मी तोवर इतका अधिकारी झालो होतो, की मला आक्काही आठवेना.

"माझ्या उंबऱ्याच्या आत अंडं येणार न्हाय," आक्कानं जाहीर केलं.

मग तोडगा निघाला. उंबरा ओलांडायचाच नाही. मल्लाप्पाण्णा परसातनं मागच्या भिंतीला शिडी लावून चढले आणि न्हाणीच्या झरोक्यातनं एकेक अंडं आत सोडायला लागले. पहिलं अंडं बंबावर फुटलं, दुसरं साबणावर. तिसरं नीट पडलं, पण ते गडगडत मोरीत गेलं. दाजी दाराच्या फटीतनं मला दाखवत होते, आणि मी पुढच्या अंड्याची दिशा सांगत होतो.

"डावीकडं अण्णा! तुमच्या न्हाय, तिच्या डावीकडं!"

बंबाची ऊब लागली तशी घोरपड उठली होती. अंडी खाईना, पण भिंतीला नखं घासायला लागली. दाजी पाणी बदलायला आत गेले तर शेपटाचा असा तडाखा बसला, की घमेलं एकीकडं आणि दाजी दुसरीकडं. पोटरीवर वळ उठला.

"संभा, ही बदललीया रं."

"खूश झालीया दाजी! घर आवडलं म्हणून शेपूट मारती. तुमास्नी वळखायला लागली."

आजही हे वाक्य आठवलं की मी जिथं असेन तिथं उभा राहतो आणि खाली बघतो. पोटरी चोळत तो माणूस म्हणाला, "व्हय का? मग बरं झालं." वर आणि घोरपडीकडं बघून हसला. ओळख दिल्याबद्दल!

रविवारी दिवसभर हेच. बंब पेटला की जनावर उसळायचं, विझला की गारठून पडायचं. यातनं एखाद्या पोरानंसुद्धा ताडलं असतं, की ही ऊब आणि थंडीची भानगड आहे. मी त्यातनं काढलं, की तिला शिस्त लागतेय. सोमवारी पहाटे दाजींनी बंब पेटवला नाही. उजाडताना घोरपड दगडासारखी पडलेली. आक्कानं जुनी वाकळ दिली (शनिवार संध्याकाळपासून बोलली नव्हती, पण वाकळ दिली). दाजींनी जनावर वाकळीत गुंडाळलं, डालग्यात घातलं आणि काळा कोट अंगावर चढवून शाळेकडं निघाले. हा कोट ते फक्त साहेब येणार असले की घालतात.

"पोर झोपल्यागत झोपलीया," फोनवर म्हणाले. "तुझे उपकार झाले संभा."

दाजी माझे उपकार मानत होते.

शाळेचं पटांगण त्या दिवशी भरलं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, कारण आक्का फोन धरून उभी होती. आया आल्या होत्या, आज्या आल्या होत्या. व्हॅन फाटकाशी थांबली आणि टायवाली पोरं भराभरा उतरली. मागनं व्हॅनचा ड्रायव्हरपण उतरला! मल्लाप्पाण्णांची दोन नातवंडं पुढं येऊन बसली. दाजी त्यांच्याकडं बघत होते, तसं माणूस आलेल्या पिकाकडं बघतो.

टेबल पटांगणात मांडलं होतं. उन्हात. आता हे ऊन मला दिसत होतं. ऊन म्हणजे काय, हे मला रोजच्या पेट्यांमुळं गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळायला हवं होतं. पण आक्कानं फोन वर धरला, दाजी म्हणाले, "आणि हे आपले श्री. संभाजी, परदेशात याच विषयात काम करतात," आणि सगळी शाळा टाळ्या वाजवायला लागली. आक्काकडं राहून ज्या शाळेत मी पाढे चुकलो होतो, तीच. ऊन मी विसरलो.

"हात लावून बघा," मी फोनमधनं म्हणालो. "अजिबात भिऊ नका. काय करत न्हाय ती."

पोरांनी रांगेनं हात लावले. अण्णांच्या धाकट्या नातवानं पाठीवर, थोरल्यानं शेपटाला. दाजी शिकवत होते आणि किती छान शिकवत होते! जीभ दुभंगलेली का, नखं वाकडी का, शेतातले उंदीर कमी कसे होतात. मी इतक्या लांबून पहिल्यांदा त्यांचा तास पूर्ण ऐकला. तेव्हा बसून ऐकला असता तर कदाचित... असो.

तेवढ्यात घोरपडीनं डोळे उघडले. दोन्ही.

मान वर केली. जीभ बाहेर काढली. पोरं "आऽऽ" म्हणाली. मग ती एकदम अशी झेपावली, की टेबल उलथलं, आया किंचाळल्या, पोरं चौफेर पांगली. भेदरलेली घोरपड जवळचं झाड शोधते. पटांगणात झाड नव्हतं. न हलता उभे राहिलेले एकटे दाजी होते.

धोतरावरनं कोटावर, कोटावरनं पाठीवर, पाठीवरनं खांद्यावर. तिथं तिनं नखं रोवली, हनुवटी दाजींच्या टोपीवर टेकवली आणि शेपूट कमरेपर्यंत सोडून दिलं.

"संभा!" आक्का फोनमध्ये ओरडली. "संभा, काय करायचं रं? सांग लवकर!"

आणि मी सांगितलं. देवा, मी लगेच सांगितलं!

"हलू नका दाजी! बिलकूल हलू नका! झाड व्हा, झाड!"

दाजी झाड झाले.

तुम्ही कधी हेडमास्तरचं झाड बघितलंय का? हात बाजूला, नजर समोर, श्वास बेताचा. एक पाय किंचित पुढं होता, तो तसाच पुढं राहिला. लांबून मोबाईल वर झाले आणि सगळं गाव शूटिंग करायला लागलं. काळा कोट, उन्हानं तापलेला, वर माणसाची ऊब! घोरपडीला यापेक्षा चांगलं घर मीसुद्धा बांधून दिलं नसतं. ती डोळे अर्धे मिटून आरामात बसली. उतरायचं तिला कारणच नव्हतं.

आणि साहेबांची गाडी आली.

साहेब उतरले. त्यांनी आधी कन्नडमध्ये विचारलं, मग मराठीत, मग इंग्रजीत. तिन्ही भाषांत प्रश्न एकच होता, "हे काय आहे?"

"नमस्कार साहेब," दाजी ओठ न हलवता म्हणाले. "स्वागत आहे. हात जोडता येत नाहीत, माफी असावी."

"गुरुजी, शाळेत हे जनावर? पोरांच्या मधे? हे ठेवायचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मला तो प्रश्न नीट ऐकू आला. आवाज स्वच्छ होता, नेटवर्क चांगलं होतं. त्या दिवशी तेवढं एकच चांगलं होतं. मी तोंड उघडलं.

"कुणी नाही साहेब," दाजी म्हणाले. "माझाच निर्णय."

त्याच क्षणी पडद्यावर अंधार झाला. आक्कानं फोन पदराखाली छातीशी दाबून धरला होता. साहेबांना माझं तोंड दिसू नये म्हणून. मला नुसता हिरवा पदर दिसत होता आणि आक्काचं काळीज धडधडताना ऐकू येत होतं. मी ओरडायला हवं होतं, "मी सांगितलं साहेब, मी!" पदरातनं आवाज गेला असता. मी ओरडलो नाही. उघडलेलं तोंड मिटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. वनखात्याचा गार्ड आला होता. आक्कानं फोन पदरातनं बाहेर काढला. तरणा पोरगा, खांद्याला पोतं. त्यानं दाजींच्या भोवती एक फेरी मारली.

"गुरुजी, असं उभं का?"

"झाड..." दाजी म्हणाले.

"खाली बसा की."

"काय?"

"खाली बसा. मातीला टेका. उंच हाय म्हणून बसलीया ती."

दाजी हळूच मांडी घालून बसले. घोरपडीनं टोपीवरची हनुवटी उचलली, ती खांद्यावरनं मातीत उतरली आणि भिंतीच्या सावलीकडं चालायला लागली. गार्डनं पोतं टाकून अलगद उचलली. झालं! सगळा खेळ आटोपला. एवढा वेळ खाली बसायचं होतं फक्त.

"मी फोनवर सांगितलं होतं गुरुजी, सोडून द्या म्हणून," गार्ड म्हणाला. "असं घरात ठेवणं गुन्हा हाय. तुमी आधी कळवलं होतं म्हणून मी लिहून घेतो आणि मिटवतो. पर पुन्हा नको."

"नाही," दाजी मातीतनंच म्हणाले. कोटाच्या पाठीवर नखांच्या चार ओळी फाटल्या होत्या, वहीवर आखल्यासारख्या.

घोरपडीला वड्याच्या वरच्या अंगाला सोडलं. ती छान आहे म्हणतात. दाजींना शिक्षणखात्याची नोटीस आली, त्यांनी तिला सुवाच्य अक्षरात उत्तर दिलं. ते झाड मात्र फोनाफोनी सगळ्या तालुक्यात फिरलं. मस्कतमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बेळगावच्या माणसानं मला ते दाखवलं आणि म्हणाला, "बघ, कसला येडा मास्तर हाय!" मी बघितलं. हसलोही, कारण तो माझ्याकडं बघत होता.

मल्लाप्पाण्णा दाजींकडं येऊन खाली मान घालून बसले होते म्हणे. "गुरुजी, तुमी देवमाणूस. पर धाकटा म्हणतोय, परत चढली तर? तो शाळेचं नाव काढलं की आज्जीच्या मागं लपतोय."

"आणि थोरला?"

"थोरला यायला तयार हाय. पर घोरपड रोज असंल तरच."

दोघं व्हॅनमध्येच बसत राहिले. गल्ली त्यांच्या मागं बसली. मे महिन्यात दाजी रिटायर झाले आणि जूनमध्ये शाळा शेजारच्या गावात विलीन झाली. लोक म्हणतात, तशीही झालीच असती. आक्काही तेच म्हणते. पण मी त्या सकाळचं भरलेलं पटांगण बघितलंय. दाजींचा तास ऐकताना धाकट्याचं तोंड उघडं पडलेलं मी बघितलंय. ती घोरपड शनिवारीच वड्याला गेली असती, तर सोमवारी तो तास दाजींनी नुसत्या खडूनं फळ्यावर चित्र काढून घेतला असता. पोरं कमी आली असती, पण घाबरून कुणी गेलं नसतं.

दाजींनी मला कधीच बोल लावला नाही. दर रविवारी फोन करतात. जेवलास का, तब्येत कशी, झोप लागती का. मी आक्काशी बोलताना किती वेळा म्हणालो, दाजींना फोन दे, माफी मागतो. ती म्हणते, "कशाची रं? ते तर ईसरले बी." पण ते विसरले नसावेत. कारण त्या दिवसापासून त्यांनी मला एकही प्रश्न असा विचारला नाही, ज्याचं उत्तर माझ्या अंगाबाहेरचं असेल. भूक, झोप, सर्दी. याच्या पुढं माझ्या ज्ञानावर ते भार टाकत नाहीत.

परवाच्या रविवारी मात्र बोलता बोलता सहज म्हणाले, "तिकडं आता किती वाजले रं संभा?"

इतक्या महिन्यांनी दाजींनी मला माझ्या अंगाबाहेरचं काहीतरी विचारलं होतं! भिंतीवर घड्याळ होतं, समोरच, चालू, मोठ्या आकड्यांचं. मनगटावर दुसरं होतं.

"थांबा दाजी," मी म्हणालो, "कुणाला तरी विचारून सांगतो."